सायकलवर सोलापूर, हुरड्याच्या दिवसांत

सुट्टी लागली की सोलापूरकर बाहेर जातो. बाहेरचा माणूस इथं आलाच, तर तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर उरकतो, एक चादर आणि शेंगाचटणीची पुडी पिशवीत टाकतो आणि रात्रीच्या गाडीने परत. म्हणून डिसेंबरात लेक पुण्याहून आली आणि "आई, यंदा कोकण नको, आपल्याच जिल्ह्यात सायकली काढू" म्हणाली, तेव्हा सासूबाईंनी भाकरी थापायची थांबवून विचारलं, "कशाला गं? नवस आहे का कुणाचा?"

प्रश्न रास्तच होता. आमच्याकडे पायी जायचं ते देवासाठी. कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर हे पंचेचाळीस किलोमीटर लाखो माणसं रात्रभर चालतात, तीही बरीचशी अनवाणी. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना भेट द्यायला निघतात तेव्हा अर्धं शहर त्यांच्यामागे चालत असतं. आषाढात शेगावची पालखी आमच्याच गावावरून पंढरपूरला जाते. आणि सायकल? सायकलवरून सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये पाळीला जायचे. परवडलं तसं त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सायकल सोडली. तेव्हा हौसेने, विनाकारण, ऊन खात कुणी चाकं फिरवत गावोगाव जाईल हे कुणाच्या हिशेबातच बसत नाही. पुढे रस्त्यावर आम्हाला याचा फार फायदा झाला. सहलीला आलेत म्हटलं की माणसं दर सांगतात. आमचं काय चाललंय तेच कुणाला उमगेना, त्यामुळे प्रत्येकजण आधी बसा म्हणायचा आणि मग चौकशी करायचा.

आम्ही तिघं निघणार होतो. मी, लेक आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ सायकलचा जुना शौकीन, त्यामुळे तयारी त्याने हातात घेतली. पहिलं त्याने मोसम ठरवला. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा विषयच नाही. पावसाळ्यात लोकांना हिरवं दिसतं म्हणून मोह होतो, पण रस्ता सोडून पाऊलभर आत गेलं की काळी माती चाकाला अशी धरते की मडगार्डमध्ये काटकी घालून ती उकरत बसावं लागतं. उरले डिसेंबर, जानेवारी आणि फार तर फेब्रुवारीचे सुरुवातीचे दिवस. ज्वारी पोटऱ्यात येते, मग कणसं भरतात, हरभरा घाट्यावर असतो, करडई फुलते. इथला हिरवा मोसम हाच. पावसाळा संपल्यावर येणारा, म्हणून बाहेरच्यांना तो माहीत नसतो.

दुसरी गोष्ट वारा. डोंगर नसलेल्या मुलखात सायकलवाल्याचा घाट म्हणजे वारा. थंडीत तो बहुतेक उगवतीकडून येतो, सकाळी नऊपर्यंत गप्प असतो आणि मग उठतो. म्हणजे सोलापुरातून मावळतीला मंगळवेढा-पंढरपूरकडे जाताना पाठीवर हात ठेवणारा हाच वारा परतीला छातीवर बसणार. भावाचं म्हणणं एकच : अंधारात निघायचं, अकराच्या आत मुक्काम गाठायचा आणि दुपार पायी फिरण्यात घालवायची. सगळी सहल याच एका नियमावर चालली.

तिसरी गोष्ट काटे. वेड्या बाभळीचा काटा टायर, ट्यूब दोन्ही एका दमात पार करतो. पंक्चरवाल्याकडून टायरच्या आतून जुन्या ट्यूबची पट्टी बसवून घेतली, सोल्यूशनची ट्यूब, ठिगळं, पाने, हातपंप असं सगळं बरोबर घेतलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सायकल रस्त्याच्या कडेला आडवी टाकू नका, उभी करा." ही एवढी एक सूचना बाकी सगळ्या सामानापेक्षा उपयोगी पडली.

सरावाला आधी हिप्परग्याला गेलो. तुळजापूर रस्त्यावरचा एकरुख तलाव, इंग्रजांनी 1871च्या सुमाराला पुरा केलेला. त्याच्या कडेने सकाळी चालायला फार बरं वाटतं. पाणी उतरलं असेल तर काठाच्या चिखलात पक्ष्यांची गर्दी असते. मग बार्शी रस्त्याने नान्नज. वीसेक किलोमीटर, जवळजवळ सपाट. नान्नज म्हटलं की शेतकऱ्याला द्राक्षं आठवतात, कारण सोनाका आणि शरद सीडलेस या जाती तिथल्या नानासाहेब काळ्यांनी काढल्या. पक्षीवाल्यांना आठवतो माळढोक. 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आता तो दिसेल अशी आशा धरून जाऊ नये. पण माळ तसाच आहे. गुडघाभर वाळलेलं कुसळी गवत, त्याच्यावर सकाळचं तिरपं ऊन, आणि काळविटांचा कळप. एक नर मान मागे टाकून उभा होता, शिंगांचे पीळ मोजता येतील इतका जवळ. आमच्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मोटार थांबली असती तर तो केव्हाच उधळला असता असं बरोबरचा वनरक्षक म्हणाला. अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याला विचारून, त्यांच्या माणसाबरोबर आणि वाट न सोडता. तिथं जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. गवतात शिरून फोटो काढणाऱ्यांना मी तिथंच हात जोडले.

कुडलला मात्र आम्ही मुद्दाम येळवशीचा दिवस धरून गेलो. हत्तरसंग कुडल म्हणजे दक्षिण सोलापुरातला भीमा-सीनेचा संगम. विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे जाऊन आत वळायचं, जाऊन चाळीसेक किलोमीटर. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे आणि आमच्या या कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याची खोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव. पूजा झाली की शेतभर अंबिल शिंपडायचं आणि बांधावर पंगत. हा कार्यक्रम रस्त्यावरून दिसतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला तसं जाऊ देत नाहीत.

आम्हाला एका बाईंनी बांधावरूनच हाक मारली. "बर्री, बर्री, ऊटा माडर्री!" त्या भागात घराघरात कानडी चालतं. आपल्याला येत नसलं तरी जेवायला बोलावलेलं कळतं. सायकली बाभळीपासून लांब उभ्या केल्या. ताटात भज्जी आली. इथली भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, तर तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी, चाकवत, मिळेल तो पाला, सगळं डाळीच्या पिठात शिजवलेलं. जोडीला बाजरीचे उंडे, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि मातीच्या बिंदगीतलं गार अंबिल. ताक आणि ज्वारीच्या पिठाचं, वर लसूण-कोथिंबीर. लेकीने दोन तांबे प्यायले. त्या घरचे आजोबा मराठीत आले. "सायकलवर? सोलापूरहनं? आन् ही पोरगी बी?" भाऊ म्हणाला, "होय की." आजोबांनी थोडा विचार केला. "पेट्रोल वाढलंय म्हणा." पुढे त्यांनी आम्हाला पेट्रोल वाढल्यामुळे हाल झालेली माणसं म्हणूनच वागवलं आणि निघताना पिशवीत उंडे भरून दिले.

संगमावर दोन जुनी मंदिरं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वराजवळ मातीखालून निघालेलं बहुमुखी शिवलिंग आहे. एका मोठ्या पिंडीच्या अंगावर रांगांनी कोरलेले साडेतीनशेहून जास्त चेहरे. लांबून ते नुसतं खडबडीत वाटतं. जवळ जाऊन बसलं की मुद्रा दिसायला लागतात, काही बसलेल्या आकृती, काहींचं नाक झिजलेलं. संगमेश्वराच्या मंदिरात तुळईवर शके 940चा, म्हणजे इसवी सन 1018चा लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी. हा लेख वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाची त्याची शेवटची ओळ. लेकीने मोबाइलचा उजेड तिरपा धरून अक्षरं लावायचा पुष्कळ प्रयत्न केला. एक 'वा' सापडला.

तिथून आम्ही नदीकाठाने चालत पुढे गेलो. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. उजनीतून पाणी सुटलेलं असल्याने भीमा भरून वाहत होती. सोलापूरकराला ही नदी पाहताना आणखी एक गोष्ट आठवते. हेच पाणी भीमेतून औज बंधाऱ्यात येतं आणि तिथून आमच्या नळाला, तेही काही दिवसांआड. भाऊ काठावर उभा राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होता. "अक्का, एवढं पाणी जातंय कुठं मग?" मी म्हटलं, ते महापालिकेला विचार.

मोठी फेरी त्यानंतरची. सोलापूर, माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर आणि मोहोळवरून परत. मंगळवेढ्यापर्यंतचा रस्ता तोच, ज्याने शेगावची पालखी जाते. तिऱ्हे, कामती, माचणूर. आता तो रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाला आहे, रुंद आणि गुळगुळीत. चांगला रस्ता म्हणून खूश व्हावं तर गाळपाचा हंगाम. जिल्ह्यात साखर कारखाने इतके की कुठल्याही रस्त्यावर ऊस भेटतोच. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्णा. त्याला तुमची घंटी जन्मात ऐकू येणार नाही. गाणं ऐकू आलं की रस्ता सोडून उभं राहायचं आणि दोन्ही ट्रॉल्या गेल्याचं मोजूनच परत चढायचं. आम्ही तिघांनी पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या होत्या. शोभेसाठी हेल्मेट विकत घेण्याआधी लोकांनी त्या पट्ट्या घ्याव्यात.

तिऱ्ह्याला सीनेच्या पुलावर उजाडलं. कामतीला चहा झाला. पुढे ज्वारीचा पट्टा लागला आणि आकाशात भोरड्या. हजारांनी. त्यांचा थवा एकदम वळतो, काळा पडतो, पुन्हा विरतो, आणि कणसांवर उतरला की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. एका रानात चार खांबांच्या माळ्यावर बारा-तेरा वर्षांचा पोरगा गोफण घेऊन उभा होता. त्याने दगड बसवला, डोक्यावरून दोन फेरे दिले आणि एक टोक सोडलं. चाबूक ओढल्यासारखा आवाज. थवा उठला आणि शेजारच्या रानात बसला. पोरगा आमच्याकडे बघून हसला. शेजारच्या रानाचा मालक ओरडायला लागला. लेकीला गोफण फिरवून बघायची होती. पोराने दिली, पण आधी आम्हा दोघांना माळ्याच्या मागं जायला सांगितलं.

बेगमपूर ओलांडून भीमेचा पूल पार केला की माचणूर. औरंगजेबाची छावणी 1695पासून काही वर्षं इथं, ब्रह्मपुरीला पडलेली होती. किल्लाही त्याच काळातला. मराठ्यांना संपवायला निघालेला बादशहा वर्षानुवर्षं या काठावर बसून होता. तटावर उभं राहिलं की त्याचं कारण अंधुक समजतं : चारी दिशांना सपाट रान, येणारा कितीतरी लांबून दिसणार, आणि पायथ्याला बारमाही पाणी. किल्ल्याशेजारी सिद्धेश्वराचं मंदिर आणि नदीत उतरणारा घाट. दुपार आम्ही तिथंच काढली, काठाकाठाने चालत. एकदा एका मच्छीमाराच्या तराफ्यापर्यंत आणि एकदा वाट संपेपर्यंत. मला विचाराल तर सगळ्या फेरीत राहण्यासारखी जागा हीच. पण रात्रीच्या मुक्कामाची सोय हवी तर पुढे मंगळवेढ्याला जावं लागतं.

मंगळवेढ्यात एका लॉजवाल्याने सायकली आत घ्यायला नकार दिला. मोटार असेल तर आवारात लावा, सायकलला जागा नाही, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याने जिन्याखाली जागा दिली आणि स्वतःचं कुलूप आणून घातलं. संध्याकाळी त्याच्याच ओळखीने एका रानात हुरड्याला गेलो.

मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे नुसता अभिमानाचा विषय नाही, 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खोल काळी जमीन, पावसाने एकदा पोटभर पाणी पिऊन बसलेली. त्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर पीक निघतं, वरून पाणी द्यावं लागत नाही. ज्वारी वाढते तशी जमिनीला भेगा पडत जातात. मी एका भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत गेला आणि आत गारवा लागला. हुरड्याला मात्र मालदांडी, म्हणजे भाकरीची ही नेहमीची ज्वारी, घेत नाहीत, त्याला गूळभेंडी किंवा सुरती लावलेली असते. गोवऱ्यांची आगटी, तिच्यात कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस तळहातांमध्ये धरून चोळायचं. चोळणाऱ्या मावशींच्या हाताला चटके कसे बसत नव्हते कोण जाणे, माझे तळवे दोन कणसांत लाल झाले. फुंकर मारली की कोंडा उडतो आणि हातात हिरवट, दुधाळ, गरम दाणे. जोडीला शेंगाची चटणी, गूळ, दही. तेवढ्या वेळात कुणीही बोललं नाही. नंतर मावशींनी विचारलं, "पैज लावलीया का कुणाशी?" लेक म्हणाली, "नाही मावशी, सुट्टी आहे." मावशी म्हणाल्या, "मग आरामात घरी बसायचं की गं."

सकाळी गावातून पायी हिंडलो. दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत इथले. कान्होपात्रा इथली. आणि चोखोबांचा शेवट इथलाच. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली असं परंपरा सांगते. मंगळवेढा ते पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर आहे. त्या रस्त्यावर पायंडल मारताना भाऊ पहिल्यांदाच गप्प होता. मीही. चालत जाणारी एक लहान दिंडी भेटली, सात-आठ माणसं, एक वीणा. त्यांनी काहीही विचारलं नाही. "रामकृष्ण हरी माउली" म्हणाले आणि आम्हाला पुढं जाऊ दिलं.

पंढरपुरात एकादशी टाळून जावं. आम्ही टाळली होती, त्यामुळे भक्तनिवासात खोली मिळाली आणि मुखदर्शनही लवकर झालं. नामदेव पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. लेकीने आदल्या दिवशी मंगळवेढ्यात ऐकलेलं सगळं तिथं उभं राहून मामाकडून परत वदवून घेतलं. बाकी पंढरपुराबद्दल मी काय लिहिणार.

परतीला वाऱ्याने हिशेब चुकता केला. पंढरपूर-मोहोळ रस्ता काँक्रीटचा, रुंद आणि उघडा. झाडं कापली गेली त्याला आता सावलीही नाही. पेनूरच्या अलीकडे सायकल उतारावरही पायंडल मारल्याशिवाय पुढे जाईना. डाळिंबाची रिकामी कॅरेट घेऊन जाणारा एक टेम्पोवाला थांबला आणि म्हणाला, मोहोळपर्यंत सोडतो. भाऊ क्षणाचाही विचार न करता सायकलीसकट चढला. "अक्का, मी पुढं जाऊन चहा सांगतो." लेक आणि मी एकमेकींच्या मागे, आळीपाळीने वारा अंगावर घेत, मोहोळला पोचलो तेव्हा त्याचा तिसरा चहा चालू होता. शिवाय नागनाथाचं दर्शन घेऊन तो मोकळा झाला होता.

मोहोळ ते सोलापूर पुणे रस्ता आहे आणि त्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एकच : लांबोटीचा चिवडा. बाकी मालट्रक. जिथं सेवारस्ता आहे तिथं तोच धरावा, नाही तिथं पांढऱ्या पट्टीच्या बाहेर राहावं. केगावला विद्यापीठाच्या पुढे शहर सुरू झालं. पंक्चर कामतीला एक झालं होतं तेवढंच, तेही बाभळीने नाही तर खिळ्याने.

लेकीच्या डोक्यात आता बार्शीवरून येडशीचं रामलिंग आहे. तिकडे बालाघाटाचे डोंगर लागतात, जंगल आहे. नकाशा काढून ती मामाला दाखवत होती. त्याने चष्मा लावून चढाची रेघ नीट पाहिली आणि विचारलं, "टेम्पो कुठपर्यंत जातात?"